तिळगूळ वाटायला पोरांना कुठं न्यायचं?

संक्रांत जवळ आली की आमच्या अपार्टमेंटमधल्या नव्या आईबापांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "काका, पोरांना तिळगूळ वाटायला न्यायचंय. कुठं नेऊ?" मलाच विचारतात, कारण मी पोस्टमन होतो. आधी शहापूर, मग टिळकवाडी, शेवटी अनगोळ, अशा बीटवर बेळगावात माझी नोकरी झाली. कुठल्या दाराला किती पायऱ्या, कुठल्या फाटकामागं कुत्रं, कुठली बेल वाजत नाही, हे सगळं अजून डोक्यात आहे. रिटायर झाल्यापासून संक्रांतीला संध्याकाळी नातवंडं आणि शेजारची पोरं घेऊन मीच निघतो. दरवर्षी लिफ्टमध्ये उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आमच्या लहानपणी कुणी न्यायला लागत नव्हतं. नवे कपडे घातले, आईनं डबीत हलवा भरून दिला की निघालो. आता निम्मी पोरं लेआउटमध्ये नाहीतर फ्लॅटमध्ये राहतात. शेजारच्या दारामागं कोण राहतं हे त्यांना ठाऊक नसतं आणि गल्लीतनं गाड्या पळतात. त्यामुळं जागा निवडून न्यावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आधी वेळेचं बघू. संक्रांत १४ जानेवारीला येते, कधी १५ ला. सरकारी सुट्टी असते. दुपारी गुळाची पोळी खाऊन निम्मं गाव आडवं झालेलं असतं, म्हणून साडेचारच्या आधी कुणाची बेल वाजवू नका. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो आणि अंधार झटकन पडतो. पाच ते साडेसहा ही खरी वेळ. सातला पोरं घरात पाहिजेत. थंडी असतेच, पण पोरींना नवा फ्रॉक दिसायला पाहिजे असतो म्हणून स्वेटर घालत नाहीत. तो तुम्ही पिशवीत घ्या, साडेसहाला आपणहून मागतात.

गल्ली बघायची म्हणजे काय बघायचं

दारं बघा. दार थेट रस्त्यावर उघडतं का, दारापुढं कट्टा आहे का, समोरासमोर घरं आहेत का. ज्या गल्लीत संध्याकाळी पाचला कट्ट्यावर माणसं बसलेली असतात ती गल्ली पोरांसाठी चांगली. कुणाचं पोर कुठल्या घरात गेलं आणि बाहेर आलं की नाही, हे तिथं न सांगता चार जणांच्या लक्षात राहतं. मी नवीन बीटवर गेलो की पहिल्याच दिवशी कट्ट्यावरच्या आज्जींना नमस्कार घालायचो. मनीऑर्डरवाला माणूस घरी आहे का शेतावर गेलाय, हे त्याच सांगायच्या.

दुसरं, मोठा रस्ता न ओलांडता सलग पंधरावीस घरं झाली पाहिजेत. लहान पोरांना तेवढी पुरे होतात. तिसरं, ती गल्ली शॉर्टकट आहे का ते बघा. हे नकाशावर कळत नाही. आदल्या दिवशी, म्हणजे भोगीदिवशी, त्याच वेळेला तिथं जाऊन दहा मिनिटं उभं राहा. सिग्नल चुकवायला दुचाक्या आत घुसत असतील तर ती गल्ली सोडा, मग तिथली घरं कितीही चांगली असोत. आता त्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, त्यांचा आवाजही येत नाही. मागनं अंगावर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

भोगीदिवशी उभं राहिलात की गटारीवरच्या फरशाही बघून घ्या. जुन्या गल्ल्यांत एखादी फरशी हलणारी, एखादी अर्धी तुटलेली असतेच. मोठं माणूस लांब पाय टाकून जातं, पोराचा पाय बरोब्बर त्यातच जातो. कुठं रस्ता खणून ठेवलेला असला तर तोही दिसतो.

माझी पहिली पसंती शहापूर. पूर्वी हे सांगली संस्थानात होतं, बेळगाव शहर इंग्रजांचं आणि शहापूर सांगलीकरांचं. त्यामुळं असेल, नाहीतर आणि कशामुळं, पण शहापूरकरांना आपली गल्ली म्हणजे वेगळं गाव वाटतं, आणि गावात आलेल्या पोराला रिकाम्या हातानं सोडत नाहीत. मीरापूर गल्ली, कोरे गल्ली, आचार्य गल्ली, या बाजूची जुनी घरं पोरांच्या उंचीची आहेत. दोन पायऱ्या, लाकडी चौकट, आत सोपा. मात्र शहापूरच्या खडे बाजारात संध्याकाळी नेऊ नका, तो बाजार आहे. नाथ पै सर्कललाही पोरांची रांग घेऊन रस्ता ओलांडू नका. गाडी एका बाजूला लावा आणि त्याच बाजूच्या गल्ल्या करा. तिथनं खाली वडगाव, खासबागकडं गेलात तर विणकरांची घरं लागतात. मागाचा खडखडाट चालू असला तर बेल ऐकू जात नाही, दारातनं हाक मारायला लागते. पोरांना त्याचीच मजा वाटते. माग बघायला आत जाऊ का म्हणून विचारतात. घरचा माणूस स्वतः 'या की' म्हणाला तर तुम्ही सोबत जा, पोरांना एकटं सोडू नका. चालू मागाजवळ ओढणी, मफलर, काही लोंबतं नको.

शहरातल्या जुन्या पेठेत चव्हाट गल्ली, कोनवाळ गल्ली, भांदूर गल्ली अशा राहत्या गल्ल्या चांगल्या. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार इकडं सणाची खरेदी असते. तिथं पोराचा हात सुटला तर सापडायला अर्धा तास जातो. कपिलेश्वर मंदिरात दर्शनाला जरूर जा, पण सकाळी. संध्याकाळच्या गर्दीत डबी उघडली की सांडलीच.

टिळकवाडीचं वेगळं आहे. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, रानडे रोड, आगरकर रोड, सगळं आखीव, झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत. राहणारी माणसं प्रेमळ. पण घर कंपाउंडच्या आत, मध्ये बाग, फाटकाला कडी आणि कडीवर 'कुत्र्यापासून सावध राहा'. एका घरातनं दुसऱ्या घरात जायला वेळ लागतो, सहाव्या घरापर्यंत पोरं दमतात. इथं ओळखीची घरं आधी फोन करून ठरवा आणि मोठ्या पोरांना न्या, आठ वर्षांच्या पुढची. रेल्वेच्या रुळाची एकच बाजू धरा. पहिलं गेट, दुसरं गेट, सगळीकडं तेच सांगणं. गेट पडलं की खालून वाकून जाणारी मोठी माणसं तिथं रोज दिसतात आणि पोरं तेच बघून शिकतात. आणि व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतनं शॉर्टकट नको. दिवसा छान जागा आहे, दिवेलागणीनंतर तिथं काही दिसत नाही.

कॅम्पात बंगले लांब लांब, लष्कराच्या हद्दीत वाटेल तिथं जाता येत नाही. ओळखीचं घर असलं तर तेवढ्याच घरी जाऊन या. तसं कॅम्पातल्या पोरांना दारोदार फिरायची हौस कमी नाही. दोनच आठवडे आधी, ३१ डिसेंबरला, ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला वर्गणी गोळा करत तीच फिरत असतात.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सुरुवात तिथंच करा. वरच्या मजल्यावर लिफ्टनं जायचं आणि जिन्यानं खाली उतरत यायचं. उलटं केलं तर पोरं प्रत्येक मजल्यावर लिफ्टची बटणं दाबत बसतात. आदल्या दिवशी व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका: 'उद्या ५ ते ६ मुलं तिळगूळ घेऊन येतील, ज्यांना चालेल त्यांनी दार उघडं ठेवा.' ज्याचं दार बंद त्याची बेल वाजवायची नाही, एवढं पोरांना बजावा.

ही दार उघडं ठेवायची युक्ती माझी नाही. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते, तिनं सांगितलेली. तिकडं ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन संध्याकाळी घरोघर जातात आणि चॉकलेट गोळा करतात. ज्याच्या दारावरचा दिवा लागलेला, त्याच्याच घरी जायचं. दिवा बंद असला तर पुढं. कुणी न बोलता सगळ्यांना कळतं. तीही तिच्या पोराला न्यायला असाच भाग शोधते: घरं जवळजवळ, चालायला फूटपाथ, रस्त्यावर दिवे. कुणी अनोळखी माणूस गोळीत विष घालेल की काय, ही तिकडच्या आईबापांची जुनी धास्ती. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ १९५८ पासूनच्या अशा बातम्या वर्षानुवर्षं तपासत आलेत. परक्यानं वाटलेल्या विषारी गोळीनं पोर दगावलं, असं एकही खात्रीचं प्रकरण त्यांना मिळालं नाही. आणि गाड्यांचं बघा. १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या पोरांत तर जवळजवळ दहापट. सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. भाचीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला गाड्या पळणारा आमचा हिंडलगा रोड आठवला.

खेड्यात नेणार असाल तर

पुष्कळ जण संक्रांतीला गावाकडं जातात. उचगाव, येळ्ळूर, कडोली, बेळगुंदी, खानापूर भागातली गावं. पोरांसाठी याहून चांगली जागा नाही, आणि तिथल्या रस्त्याइतकी वाईट जागाही दुसरी नाही. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. कारखान्याकडं जाणारा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस. मागचा दिवा कधी असतो, कधी नसतो. रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. डोक्यावर मोठा स्पीकर, गाणं इतकं मोठं की पोराची किंचाळी ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्य नाही.

त्यात आपल्या पोरांची एक खोड आहे, माझ्या पिढीपासूनची. ट्रॉली गावात शिरली की मागं पळायचं आणि ऊस ओढायचा. पहिली ट्रॉली गेली की पोरगं मोळीकडं बघत मध्ये शिरतं. दोन ट्रॉल्यांमधला दांडा अंधारात दिसत नाही. हे पोरांना निघायच्या आधी, घरातच, स्पष्ट शब्दांत सांगा. नुसतं 'सांभाळून जा' म्हणण्याचा उपयोग होत नाही. "ट्रॉलीला हात लावायचा नाही, ऊस पाहिजे असला तर मला सांग, मी शेतातला देतो," असं सांगा. आणि खरंच द्या. संक्रांतीच्या सुगडातही ऊस असतोच.

म्हणून खेड्यात डांबरी रस्त्याच्या कडेची घरं वगळायची. मारुतीच्या देवळाच्या पारापासून सुरुवात करायची आणि आतल्या आत फिरायचं. आतल्या बोळांत ट्रॅक्टर शिरला तरी हळू असतो. खानापूरच्या जंगलकडेच्या वाड्यांत सूर्य मावळायच्या आधी सगळं आटोपा. तिथं अंधार लवकर पडतो, घरं विखुरलेली असतात, आणि लाईट गेली की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. एक टॉर्च मोठ्यांच्या हातात, एक सगळ्यांत मागच्या पोराच्या. मोबाईलची टॉर्च नको, फोन आला की ती खाली जाते.

दारात गेल्यावर

किती पोरं घ्यायची? एका मोठ्या माणसामागं चार. पाचवं आलं की एक तरी नजरेआड होतं. एक मोठं पुढं, एक शेवटी. पोरांनी जोडीनं चालायचं, आणि जोड्या तुम्ही लावा. त्यांच्यावर सोडलंत तर दोन दंगेखोर एकत्र येतात.

उंबरा हा नियम. तिळगूळ उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून द्यायचा, तिथंच घ्यायचा, तिथंच वाकून नमस्कार करायचा. आत बोलावलं तर "आई बाहेर थांबलीय" म्हणायचं. मात्र एक घर आधीच ठरवून ठेवा, वाटेच्या साधारण मध्यावरचं, अगदी जवळच्या माणसाचं. तिथं पाणी प्यायचं, लघवीला जायचं, सांडलेली डबी पुन्हा भरायची. मध्यावरचं घर न ठरवता निघालेले आईबाप मी दरवर्षी बघतो. सहा वाजता पोराला कडेवर घेऊन घराकडं धावत असतात.

अंगणात रांगोळी नाही, घरात सणाची गडबड नाही, असं घर दिसलं तर आधी शेजारी हळूच विचारा. वर्षाच्या आत कुणी गेलेलं असलं तर त्या घरी सण नसतो, तिळगूळ देत-घेत नाहीत. पण मी ते घर टाळत नाही. पोरांना सांगतो, डबी बंद ठेवा, नमस्कार करा, पुढं चला. अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं त्या संध्याकाळी दुसरं कुणी फिरकलेलं नसतं.

आपल्या गल्लीत मराठी दार, त्याला लागून कन्नड दार. पोरांना दोन्ही वाक्यं पाठ पाहिजेत. मराठी दारात 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. कन्नड दारात 'एळ्ळु-बेल्ल तगोरी, ओळ्ळे माताड्री'. उच्चार थोडा वाकडा झाला तरी चालतो. अज्जी हसतात आणि कुसुरेळ्ळु, म्हणजे आपला हलवा, एक मूठ जास्त घालतात. मला मराठी पत्त्यावर कन्नड सही आणि कन्नड पत्त्यावर मराठी सही घ्यायची सवय, त्यामुळं यात विशेष काही वाटत नाही. पण लेआउटमध्ये वाढलेली पोरं बुजतात. घरातनं निघताना जिन्यात दोनतीनदा म्हणून घ्या. मुस्लिम, ख्रिश्चन शेजाऱ्यांकडंही न्या. नाताळात त्यांच्या घरच्या नेवऱ्या खाल्लेल्या असतात, ईदला शीरखुर्मा येतो. मग संक्रांतीला वळसा घालून जायचं कारण काय?

मीरापूर गल्लीत एक आज्जी होत्या, संक्रांतीला कट्ट्यावर पितळी डबा घेऊन बसायच्या. डब्यात चमचा. प्रत्येक पोराला एक चमचा, तोही तळहातावर टेकवून, सावकाश. पोरं घाईला आलेली असायची. एकदा माझ्या भाच्यानं चमचा यायच्या आधी डब्यात हात घातला. आज्जींनी डब्याचं झाकण त्याच्या मनगटावर अलगद ठेवलं. "मूठ भरून पळूलास काय रे? नाव सांग आधी." नाव सांगितलं. "कुणाचा?" तेही सांगितलं. मग आजोबाचं नाव, मग गाव. सगळी वंशावळ झाल्यावर झाकण उघडलं आणि मूठ तशीच बाहेर काढू दिली. मागची पोरं रांगेत आपापल्या पणजोबांची नावं आठवत उभी होती. असं एक घर वाटेत ठेवा. तिथं पाच मिनिटं जास्त जाणार हे धरूनच निघा.

डबीचं आणि हलव्याचं

दोन डब्या. एक द्यायची, एक घ्यायची. एकच असली की मिळालेला तिळगूळ पुढच्या दारात जातो आणि मग कुणाच्या घरचा काय खाल्ला हे कळत नाही. स्टीलची डबी छान दिसते, पण पोर पडलं की झाकण उडतं. आट्यांच्या झाकणाची प्लास्टिकची बरी. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तुमचा फोन नंबर लिहा. पार्सलच्या आतही पत्त्याची चिठ्ठी घाला, असं आम्ही लोकांना सांगायचो, वरचं लेबल फाटलं तरी आतलं राहतं. तसंच हे. खिशात ठेवलेली चिठ्ठी पोरं पहिल्या दहा मिनिटांत हरवतात.

द्यायला काटेरी हलवा सोपा, सांडला तरी हात चिकट होत नाहीत. लाडू द्यायचे असले तर लहान वळा, सुपारीएवढे. आणि लाडूत शेंगदाणे असले तर घेणाऱ्याला तसं सांगा. कुणाकुणाला शेंगदाणा बाधतो, तीळही बाधतात. चार वर्षांच्या आतल्या पोराला कडक हलवा आणि अख्खे शेंगदाणे खायला देऊ नका. धावता धावता, हसता हसता घशात अडकतात. त्याच्या डबीतला हलवा घरी आल्यावर खलबत्त्यात कुटून दुधात घाला. मोठ्या पोरांनाही चालताना खायचं नाही असं सांगा; मध्यावरच्या घरी बसून खाऊ दे. मधुमेही आजोबांना पोरं हलवा देतात आणि ते बळेच तोंडात टाकतात. पोरांना शिकवा, दोनच दाणे द्यायचे. मान राहतो, साखर वाढत नाही.

घरी आल्यावर सगळं ताटात ओता. कागदात गुंडाळलेलं वेगळं, सुटं वेगळं. ज्या घरचं ठाऊक आहे ते ठेवा. भडक रंगाचा, बोटांना रंग लागणारा हलवा मी पोरांना देत नाही.

कुत्र्याबद्दल थोडं, कारण यात माझा अनुभव मोठा आहे. फाटक उघडायच्या आधी कडी वाजवा आणि थांबा. आत कुत्रं असेल तर तेवढ्यात येतं, आणि ते फाटकाच्या आत, तुम्ही बाहेर, हे बरं. कुत्रं भुंकत आलं तर पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, डबी छातीशी धरून झाडासारखं उभं राहायचं. हे घरी एकदा करून दाखवा. मोठं माणूस कुत्रं झालं की पोरं फार मन लावून शिकतात. रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं असतील तर ती गल्लीची बाजूच बदला. चावलं, नुसता दात लागला तरी, जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच रात्री दवाखान्यात जायचं. जिल्हा रुग्णालयात लस मिळते. हळद, चुना, तंबाखू, काही लावत बसू नका. 'पाळलेलं आहे, काही होत नाही' असं कुत्र्याचा मालक म्हणेल. म्हणू दे, तुम्ही जा.

संक्रांतीला जमलं नाही तर वर्ष वाया गेलं असं समजू नका. दुसरा दिवस करिदिनाचा, तो तेवढा सोडा. नाहीतर हळदीकुंकू, तिळगूळ, लहानग्यांची बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालू असतात. मधला एखादा रविवार धरा आणि दुपारी चारलाच निघा. खरं सांगायचं तर अगदी लहान पोरांसाठी मी हाच रविवार सुचवतो. गर्दी नाही, उजेड आहे, आणि कट्ट्यावरच्या आज्ज्यांना बोलायला वेळ असतो. फक्त हलवा तोवर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंग्या काही रथसप्तमीची वाट बघत नाहीत.